एवढं उंच टेबल

पलंगावर कापड कापता येत नाही, हे मला आमच्या चादरीनं शिकवलं. आईनं आबांचा पांढरा सदरा गादीवर पसरला, बाह्या उसवून बाजूला ठेवल्या आणि पाठीच्या भागाला कात्री घातली. गादी दबली, कापड गोळा झालं आणि सदऱ्याबरोबर खालची चादरही वीतभर कापली गेली. आईनं कात्री मिटली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आता व्हायचं न्हाई माज्याच्यानं."

आबा, म्हणजे माझे वडील, जाऊन वर्ष होत आलं होतं. माधवनगरची खोली सोडून आई माझ्याकडं साताऱ्याला आली, तेव्हा तिच्याबरोबर एक ट्रंक होती. तिच्यात आबांचे सदरे, गिरणीत घालायच्या निळ्या पँटी, एक मफलर. आमच्या घरात गेलेल्या माणसाचे कपडे कुणाला देत नाहीत. त्यांची वाकळ करतात. आजोबांच्या धोतराची वाकळ मी लहानपणी पांघरली आहे. वर-खाली लुगडं, मध्ये घरातल्या जुन्या कपड्यांचे थर आणि सगळ्यांवरून फिरलेला धावदोरा. ती जड असते. अंगावर घेतली की कुणीतरी शेजारी निजल्यासारखं वाटतं. आईला आबांची वाकळ करायची होती. तिनं दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

पण वाकळ जमिनीवर होते. बाई कापडावरच बसते, कापते, थर घालते, टाके घालत घालत मागं सरकते. आणि डॉक्टरांनी आईला बजावलं होतं की मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. गुडघ्यांत काही उरलेलं नव्हतं. गॅसच्या ओट्यावर कापड पसरून बघितलं तर ते दोन्हीकडून खाली लोंबलं आणि ओलं झालं. मग पलंग. मग चादर.

त्या दिवशी मी ठरवलं की आईला टेबल करून द्यायचं. कापायचं टेबल. मोठं, सपाट, भक्कम. चौकोन तिथं कापायचे, खुर्चीत बसून जोडायचे, थर पुन्हा टेबलावर घालायचे.

साताऱ्यातल्या दुकानांतून मी आईला घेऊन फिरले. सगळीकडं काचेची जेवणाची टेबलं. एका दुकानदारानं विचारलं, "ताई, नक्की कशाला पायजे?"

"कापायला."

"काय, चिकन?"

आई पहिल्यांदा हसली. "माजा नवरा कापायचाय," ती म्हणाली, आणि दुकानदाराचा चेहरा बघून आणखी हसली. रस्त्यावर आल्यावर मात्र माझा दंड धरून हळूच म्हणाली, "ह्येंनी करून देतो म्हणलं हुतं टेबल."

मला ते ठाऊक होतं. फार चांगलं ठाऊक होतं.

आबा गिरणीत कामाला होते आणि पत्रकं लिहायचे. गिरणी चालू असताना लिहायचे, बंद पडल्यावर जास्त लिहायचे. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. शाळेतला 'माझा आवडता पक्षी' हा निबंध मी 'कामगार बंधू-भगिनींनो' असा सुरू केला होता आणि बाईंनी तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला होता. आमच्या खोलीच्या एका भिंतीला पत्रकांचे गठ्ठे असायचे. दुसऱ्या भिंतीशी आई जमिनीवर बसून आळीतल्या बायकांच्या वाकळी कापायची, शिवायची. मी मध्ये बसून मोठ्यानं वाचायची. एका पत्रकात आबांनी लिहिलं होतं की घरातल्या बाईच्या कष्टाला ना मोल ना विसावा, तिची पाठ सरळ करणं हाही आपला लढा आहे. मी ते वाचत होते आणि आई वाकून कापत होती. आबा कौतुकानं माझ्याकडं बघत होते.

ते पत्रक खोटं नव्हतं. आजही मी त्याखाली सही करीन. पण लिहिणाऱ्यानं नुसती मान वळवली असती तरी त्याला ती पाठ दिसली असती, हे आठवलं की मला अजून राग येतो. ज्याच्यावर रागवायचं तो समोर नसला की त्या रागाचं काय करायचं, ते मला कळत नाही. तो नुसता त्या माणसाला शोधत फिरतो.

पण मान त्यांनी एकदा वळवली होती, हेही लिहायला हवं. एका संध्याकाळी आई कमरेवर हात ठेवून उठली तशी आबा भिंतीपाशी गेले, ताठ उभे राहिले आणि तळहात आडवा धरून म्हणाले, "अगं, टेबल करू. एवढं उंच. इकडून तू कापड काप, तिकडून मी पत्रकं घडी घालतो. दोघं उभ्यानं काम करू."

"आन पोरगी?"

"पोरगी टेबलावर बसून वाचंल की!"

गिरणीतल्या खोक्यांच्या फळ्या त्यांनी खरंच आणल्या. दारामागं उभ्या करून ठेवल्या. आई येता-जाता त्यांच्यावरची धूळ पुसायची. मग मोर्चा निघाला आणि फलकांना लाकूड कमी पडलं. दारामागची जागा रिकामी झाली. मोर्चात मी आईचा हात धरून चालत होते आणि पुढं आमचं टेबल माणसांच्या डोक्यांवरून हलत चाललं होतं. आई घोषणा देत होती. आपल्याला काही द्यावं लागलंय असं तिच्या तोंडावर दिसलं नाही. त्यानंतर कुठलाही लढा संपला की आबा तळहात तसाच धरून म्हणायचे, "आता टेबल. एवढं उंच." आणि आई म्हणायची, "व्हय, व्हय."

तर टेबल. आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त फौजी सुतारकाम करतो. त्यानं केलेल्या चौरंगावर ट्रॅक्टर उभा राहील, असं लोक म्हणतात. मी त्याला घरी बोलावलं. त्यानं खोली बघितली, खिडकी बघितली, आईला रामराम केला.

"वैनी, लांबी-रुंदी समजली. हाईट किती ठेवायची?"

आई खुर्चीतून उठली आणि क्षणभरही विचार न करता तळहात आडवा धरला. "एवढं उंच."

फौजीनं जमिनीपासून तिच्या हातापर्यंत टेप लावला आणि आकडा तिथंच भिंतीवर पेन्सिलीनं लिहिला. मी दारात उभी होते. मी ते बघितलं, आणि मला काहीही कळलं नाही. मी फक्त म्हणाले, "मजबूत करा, काका."

"पोरी, तुला टेबल पायजे का बंकर?"

"बंकरच करा."

टेबल आलं. बाभळीचे पाय, वर जाड प्लायवूड, कडांना घासून गोल केलेल्या पट्ट्या, कापड अडकू नये म्हणून. दोन माणसांनी तिरकं करून दारातून आत घेतलं. आईनं एका पायाला हळद-कुंकू लावलं. मी अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांवर वाढले आहे. मी त्या वेळी खिडकीतून बाहेर बघत होते.

मग आई टेबलापाशी जाऊन उभी राहिली. टेबलाची कड तिच्या छातीला येत होती. कात्री धरायला तिला कोपर खांद्याएवढं वर न्यावं लागत होतं, पाण्याच्या उंच टाकीत हात घालावा तसं.

"काका, हे काय केलं? चुकलं की माप!"

फौजीला ते लागलं. "चुकलं? आवं वैनी, तुमी सांगा! तुमी हात दावला, मी टेप लावला. भित्तीवर आकडा हाय. आपल्याकडं हुकूम म्हंजे हुकूम."

"चुकलं न्हाई," आई म्हणाली. "बराबर हाय."

"आई, तुझा हात पोचत नाहीये."

"पोचंल. सवय हुईल."

फौजी गेला. मी तिला दाखवायला म्हणून टेबलाशी उभी राहिले की बघ, उंच माणसालाच हे जमेल. कड माझ्या कमरेला बरोबर टेकली. मी आबांच्या उंचीची आहे. सगळे म्हणतात. तळहात आपोआप टेबलावर आडवा पडला, आणि मग मला माधवनगरच्या खोलीतली ती भिंत दिसली, ती संध्याकाळ, तो हात.

आईनं स्वतःचं माप दिलंच नव्हतं. तिच्या मनात ज्या उंचीचं टेबल इतकी वर्षं उभं होतं त्या उंचीचं दिलं होतं. इकडून तू, तिकडून मी.

फौजीला बोलावून पाय कापून घ्यायचा विषय मी त्या दिवशी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं जेवायचा पाट टेबलापुढं ठेवला होता. "ह्येच्यावर उबी ऱ्हाते." पाट अरुंद. तिचे गुडघे तसल्या उंचवट्यावर थरथरत होते. त्यापेक्षा रुंद काहीतरी हवं म्हणून मी पलंगाखालून पत्रकांचे दोन गठ्ठे ओढले. आबांची उरलेली, मी पूर्वीच इकडं आणून ठेवलेली, सुतळीनं बांधलेली, विटेसारखी घट्ट झालेली.

"यावर उभी राहा. हलणार नाही."

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिला जळत्या चुलीवर उभं राहायला सांगितलंय.

"कागदावर पाय?"

"जुनी आहेत, आई. रद्दीच आहे."

"ह्येंची अक्षरं हाईत त्यात."

"आबाच म्हणायचे, कागद पवित्र नसतो. त्यावर खरं लिहिलं असेल तर तेवढंच पवित्र."

"मग खोटं लिवलं हुतं व्हय त्येंनी?"

मी गठ्ठे परत पलंगाखाली सरकवले. आयुष्यभर सभांमध्ये वाद घालत आले, पण असं चितपट मला कुणी केलेलं नाही.

आई पाटावरच चढली. निळी पँट पसरली, पायाची शिवण धरून कात्री चालवू लागली. ते चालू लागलं तसं तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं जे मी माधवनगर सोडल्यापासून बघितलं नव्हतं. कापड सपाट पडलं होतं, कात्री सरळ जात होती. दुसऱ्या टोकाला पोचण्यासाठी तिनं पाटाच्या कडेवर भार दिला आणि पाट उलटला. मी जवळ होते म्हणून ती जमिनीवर आली नाही. माझ्या अंगावर आली. कात्री मात्र खणकन लांब जाऊन पडली.

तिला खुर्चीत बसवलं. पाणी दिलं. बराच वेळ ती तळहातानं टेबलाचा पाय वरून खाली, वरून खाली पुसत राहिली, जशी दारामागच्या फळ्यांवरची धूळ पुसायची.

"उंची उतरवली तर त्येंना वाकावं लागंल," ती म्हणाली.

मी तिच्यापाशी बसले. आबा नाहीत, हे मला तिला सांगायचं नव्हतं. ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"न्हाई उतरवली तर वाकळ ऱ्हाती," तीच पुढं म्हणाली. टेबलाच्या रिकाम्या बाजूकडं तिनं पाहिलं. "लय वाट बघाय लावली की हो," ती त्या बाजूला म्हणाली. रागानं नाही. दमून घरी आलेल्या माणसाशी बोलावं तसं. मग मला म्हणाली, "बोलाव त्या फौजीला."

फौजी करवत घेऊन आला. "वैनी, असलं बाभळीचं लाकूड कापायचं जिवावर येतंय गड्या! दोनदा इच्यार करा. जोडता येत न्हाई परत."

"केलाय इच्यार."

"आता हाईट किती?"

या वेळी आईनं हात वर केला नाही. कोपर मुडपून नुसती उभी राहिली, पोळपाटासमोर उभं राहावं तशी, आणि म्हणाली, "आता माजं माप घ्या." फौजीनं जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत टेप धरला. मग टेबल आडवं पाडून त्यानं एकेक पाय कापला. करवतीचा आवाज चालू असताना आईनं चौथ्या पायाला हात लावून ठेवला होता. त्या पायाची पाळी आली तेव्हा तिनं हात काढून घेतला.

भुसा झाडून फौजीनं चार तुकडे पिशवीत टाकायला घेतले. "जळणाला न्हेऊ का?"

"ठेवा हितंच," आई म्हणाली.

ती आता रोज सकाळी कापते. पँटींचे चौकोन, सदऱ्यांचे चौकोन, मफलरची पट्टी. एका सदऱ्याचा खिसा शाईनं निळा झाला आहे. तो वर दिसेल असा घ्यायचा की आत, हे तिचं अजून ठरलेलं नाही. कधी तो चौकोन मधोमध ठेवते, कधी उचलून थरांखाली सरकवते. वाकळ व्हायला वेळ लागेल. तिला घाई नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभी राहून मी लिहिलेल्या पत्रकांच्या घड्या घालते. मला वाकावं लागतं. अर्ध्या गठ्ठ्यातच कंबर भरून येते.

"बस की खुर्ची घिऊन," आई वर न बघता म्हणते.

"असू दे."

"बापासारखी हेकट."

ते चार तुकडे टेबलाखालीच आहेत, आपापल्या पायाला टेकून उभे. झाडताना आई ते एकेक करून उचलते, खालची फरशी पुसते आणि प्रत्येक तुकडा परत ज्याच्या त्याच्या पायाशी उभा करून ठेवते.