ओपांचा ओढा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — अंकेला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही. मराठीत लिहितोय, कारण आमच्या घरात मराठी वाचणारं दुसरं कुणी नाही. मुलीला बोललेलं कळतं, उत्तर ती जर्मनमध्ये देते, आणि देवनागरी तिला येत नाही. म्हणजे कबुली देतानाही मी सोयीची जागाच निवडली.

अंकेचे वडील डीटर. सासऱ्यांना नावानं हाक मारणं मला कधी जमलं नाही. मुलगी त्यांना ‘ओपा’, म्हणजे आजोबा, म्हणायला लागली आणि मी सुटलो. मीही ओपाच म्हणू लागलो. ड्रेस्डेनच्या दक्षिणेला, डोंगरातल्या एका गावात ते राहतात. पूर्व जर्मनी होती तोवर खाणीत होते. देश एक झाला, खाण बंद पडली आणि ऐन उमेदीतला माणूस रिकामा झाला. मग रबरी बूट घालून, पसरट थाळी घेऊन ते ओढ्यांमध्ये वाळू धुवायला लागले. आपल्याकडे सराफांच्या दारातली धूळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी असायचे ना — तसंच काहीसं. गाव हसलं. हसला नाही तो एकच, खाणीतला जुना जोडीदार वेर्नर.

एका वळणावर, पाटीच्या दगडाच्या कपारीत, ओपांना सोनं सापडलं. बारीक, कोंड्यासारखं. तिथं सोनं आहे हे त्याआधी कुणाला ठाऊक नव्हतं. वेर्नर तेव्हा शेजारीच उभा होता. दोघांनी ठरवलं — बोलायचं नाही. ते सोनं त्यांनी कधी विकलं नाही. थोडंसं आमच्या लग्नाच्या अंगठ्यांत घातलं, एवढंच.

लग्नानंतर ओपा मला तिथं घेऊन गेले. पाण्यात उभे राहून म्हणाले, “आता तू तिसरा.” परदेशातल्या जावयाला याहून मोठं काय देणार होते ते?

आणि मी काय केलं?

मी चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. कँटीनमध्ये आमची मराठी चौकडी बसते. एकदा सागरनं माझी अंगठी पाहून विचारलं, “पुण्याहून आणलीस का रे?” मी म्हटलं, “नाही, इथल्याच ओढ्यातलं सोनं आहे.” तो हसला. “जर्मनीत सोनं? काहीही फेकतोस!” मला ते हसणं लागलं. एवढंच कारण — दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही. मी फोन काढला आणि नकाशावर ते वळण दाखवलं.

सागर बायको-मुलांना घेऊन गेला. त्याला चार कण मिळाले. त्यानं हौसेनं व्हिडिओ टाकला, जागेच्या नावासकट. त्यात त्याचा काय दोष? गुपित आहे हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. तो व्हिडिओ कुणा जर्मन माणसानं उचलला आणि बघता बघता कुरणात गाड्या लागायला लागल्या. लोक फावडी घेऊन आले, पंप घेऊन आले. काठ खणले, अल्डरची झाडं मुळापासून कलली. शेवटी प्रशासनानं तिथं वाळू धुवायलाच बंदी केली. ओपांनासुद्धा.

त्या रविवारी ते स्वयंपाकघरात बसले होते. अंके बाहेर मुलीबरोबर होती. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिघांनाच माहीत होतं.”

गप्प राहिलो असतो तरी ती भीतीच झाली असती, आणि भित्रेपणा निदान ओळखीचा असतो. पण मी गप्प राहिलो नाही. मी म्हणालो, “वेर्नरचा नातू सारखे व्हिडिओ टाकत असतो ना?”

ओपांनी मान डोलावली. पुन्हा काही विचारलं नाही.

वेर्नर एकदा आला होता. बागेतल्या प्लमचा केक घेऊन दारात उभा. ओपा खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी मला खूण केली आणि मी जाऊन सांगितलं की ते झोपलेत. त्यानं केक माझ्या हातात दिला. “जा, जा,” म्हणाला — म्हणजे “बरं, बरं” — आणि गेला. तो केक आम्ही खाल्लासुद्धा.

पुढे वेर्नर गेला. ओपा अंत्यविधीला आले नाहीत. घराच्या वतीनं मी गेलो. त्याच्या बायकोनं माझा हात धरला आणि म्हणाली, “शेवटपर्यंत विचारायचा — मी डीटरचं काय बिघडवलं?” मी शोक व्यक्त करायचे जर्मन शब्द उच्चारले. व्याकरण अगदी बिनचूक होतं.

ओपा आता थकलेत. गुडघे साथ देत नाहीत. गेल्या महिन्यात कॉफी पिताना, काही विषय नसताना म्हणाले, “माणूस ओळखण्यात मी आयुष्यात एकदाच चुकलो.” माझ्या हातावर हात ठेवला. “तू चांगला निघालास.”

मी त्यांच्या कपात दूध ओतलं. ते दूध घेतात, साखर नाही.