फायरमनकाका आणि आठवणीचं इंजिन

घाटात विजेवर गाड्या चालू लागल्या आणि कर्जतच्या शेडमधली वाफेची इंजिनं एकामागून एक भंगारात निघाली. मी तिथे फिटर होतो. गाड्यांना मागून रेटत घाट चढवणारं सगळ्यात जुनं इंजिन तेवढं शेडच्या साहेबांनी आठवण म्हणून ठेवून घेतलं. त्याला नवा रंग दिला, वर पत्र्याचं छप्पर घातलं. आणि त्याच आठवड्यात, त्या इंजिनात अठरा वर्षं कोळसा टाकणाऱ्या फायरमनकाकांना कामावरून कमी केलं. रेल्वेची खोलीही सोडायला सांगितली.

मी तावातावाने हेडक्लार्ककडे गेलो. म्हटलं, "इंजिनाची देखभाल तरी काकांकडे द्या."

"उभ्या इंजिनाला कसली देखभाल?" त्याने मानसुद्धा वर केली नाही.

काका बायकोला घेऊन चौकजवळच्या आपल्या गावी गेले. इकडे रंगाऱ्याने तेल सोडायची भोकंही रंगाने बुजवली होती. एका पावसाळ्यात सांधे गंजून घट्ट झाले.

पुढे कोणी बडा पाहुणा येणार म्हणून साहेबांना इंजिन चालवून दाखवायचं होतं. काकांना निरोप गेला. मला वाटलं, ते साफ नाही म्हणतील. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर.

"कशाला आलात तुमी?" मी चिडून विचारलं.

"इंजनानं माजं काय वाईट केलंय रं? दे तो पाना."

आठ दिवस आम्ही दोघांनी रंग खरवडला, रॉकेल ओतून एकेक सांधा मोकळा केला. नवव्या दिवशी इंजिन वाफेवर हललं. पाहुण्यासोबत फोटोवाला आला तेव्हा काका वर, भट्टीपाशी होते.

"तू खाली उतर," हेडक्लार्क म्हणाला. "फोटोत साहेब आणि पाहुणे राहतील."

काका उतरले. बाजूला जाऊन उभे राहिले. माझ्या अंगाची लाही झाली. मी इंजिनाच्या पुढच्या बाजूचा वाफ सोडायचा कॉक उघडला. साहेब, पाहुणा, सगळे वाफेत दिसेनासे झाले.

"येडा हायेस काय?" काका माझ्यावरच ओरडले. "कुनी भाजलं असतं म्हंजे?"

त्यांचं खरं होतं. तरी मला पश्चात्ताप झाला नाही. महिन्याभरात माझी घाटापलीकडे बदली झाली. पुढेही पाहुणे येत राहिले, दर वेळी काकांना बोलावणं जाई आणि ते जात. कायमची नोकरी त्यांना शेवटपर्यंत कोणी दिली नाही.