कपाटातल्या रेघा

आज फर्निचर पॉलिशचा वास आला आणि इंग्लंडमधल्या मेडनहेडजवळचं ते हॉटेल आठवलं. पूर्वी ते एका श्रीमंत कुटुंबाचं घर होतं. मी तिथे खोल्या साफ करायचे, आमचं घर त्याच नोकरीवर चालायचं.

सुपरवायझरने एका खोलीच्या कपाटातल्या पेन्सिलच्या रेघा पुसायला सांगितल्या होत्या. मी घासत असताना त्या खोलीतली म्हातारी पाहुणी दारातून ओरडली, "लीव्ह इट!"

मला इंग्रजी जेमतेम कळायचं आणि सुपरवायझर कामावरून काढताना 'लीव्ह' म्हणायची. मी एप्रन सोडू लागले.

बाईने माझा हात धरून एका रेघेवर ठेवला. "माय ब्रदर. ही वॉज सिक्स."

त्या घरातल्या मुलांची उंची मोजलेली होती ती. वरच्या चार रेघा मी आधीच पुसल्या होत्या. फडकं मी पाठीमागे लपवलं. तेव्हा मनात एकच होतं, नोकरी वाचली.