कनिशायची झोप
मी या घरात सून म्हणून आले त्या दिवशी माझी थोरली नणंद कनिशाय पाहुण्यांना चहा ओतता ओतता झोपली. वाटी भरून वाहिली, चहा जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानभर पसरला, आणि कुणी हसलंसुद्धा नाही. अट-बाशी गावातल्या सगळ्यांना तिची सवय होती.

जन्मतःच तिच्या चेहऱ्याची हाडं अपुरी होती. गालांना आधार नाही, हनुवटी आत गेलेली, कान चिमुकले नि मुडपलेले. ऐकू कमी यायचं. पण लोकर दाबून केलेल्या नमद्यावरची नक्षी तिच्यासारखी खोऱ्यात कुणी कापत नसे. कापता कापता डोळे मिटायचे, कात्री थांबायची. डोळे उघडले की तिथूनच पुढे चालायची.

"काय पाहिलंत वन्सं?" मी तिच्या कानाशी ओरडायची.

"तळं. मी तळाशी बसलेय, वरून घोडे पोहत जातायत. त्यांची पांढरी पोटं दिसतात. फार सुंदर आहे गं, फक्त श्वास घेता येत नाही."

त्या उन्हाळ्यात आम्ही कुरणावर होतो. दुपारी तंबूत ती निजली होती, मी शेजारी लोकर पिंजत होते. छताच्या झरोक्यातून उन्हाचा गोल तिच्या अंगावर सरकत होता. एकाएकी तिचं घोरणं थांबलं. छाती वर-खाली होत होती, पण नाकातोंडातून वारा नाही. ओठ काळवंडले. मग बुडालेलं माणूस वर यावं तसा तिनं श्वास ओढला आणि पुन्हा गाढ झोपली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. पिंजलेली लोकर माझ्या हातात तशीच राहिली.

मी नवऱ्याला, एर्किनला, सांगितलं. तो म्हणाला, "ताई लहानपणापासूनच आळशी आहे."

"आळशी माणूस श्वास घ्यायचाही आळस करतं होय?"

शरदात आम्ही तिला राजधानीत, बिश्केकला, नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला रात्रभर तारा लावून निजवलं आणि सकाळी सांगितलं, "हा हाडांचा जन्मजात आजार आहे, फार थोड्यांना होतो. जबडा लहान, म्हणून झोपेत घसा मिटतो. तासाला चाळीस वेळा."

"म्हणजे मी आळशी नाही?" कनिशायनं विचारलं.

"आळशी? बाई, तुम्ही एकेचाळीस वर्षं धड झोपलेल्याच नाही."

"जरा मोठ्यानं सांगा," ती म्हणाली आणि भावाकडे वळली. "ऐकलंस ना रे?"



झोपेत घसा मिटू नये म्हणून हवा सोडणारं यंत्र मिळालं, पण त्याचा मुखवटा गालाची हाडं असणाऱ्यांसाठी बनवलेला. हिच्या गालांवरून हवा निसटून डोळ्यांत जायची. तीन मुखवटे झाले. घरी आल्यावर तिनं चौथा भिंतीवर फेकला.

तिसऱ्या दिवशी तोच उचलून तिनं मांडीवर घेतला. कोकराच्या पहिल्या लोकरीचा पातळ नमदा केला, आपल्या गालांच्या मापाच्या दोन गाद्या कापल्या, वर जुनं मऊ सुती कापड शिवलं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर ते पाहिलं, हसल्या, म्हणाल्या, "कापड रोज धुवा, आणि गाल लाल झाले तर लगेच कळवा."

त्या रात्री घर इतकं शांत होतं की सासूबाई दोनदा उठून तिच्या छातीवर हात ठेवून आल्या.

ऊन डोंगरावरून अंगणात उतरलं तेव्हा ती बाहेर आली. बराच वेळ नुसतीच बसली. जणू कुणी तिच्या डोळ्यांवरचं पाणी पुसून घेतलं होतं.

"काय पाहिलंत?"

"काहीच नाही." मग हळूच म्हणाली, "घोडे आलेच नाहीत गं."

कित्येक आठवडे तिनं कात्री हातात धरली नाही. मला वाटलं, आपण हिचं काही हिरावून तर घेतलं नाही? मग एका सकाळी तिनं लाल नमदा पसरला आणि सलग दुपारपर्यंत कापत राहिली. नक्षी पूर्वीसारखी नव्हती. रेषा लांब होत्या, कुठेही न तुटलेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात ताईच्या यंत्राला वीज हवी म्हणून एर्किननं घोड्यावर बॅटरी आणि उन्हावर वीज करणारी पाटी लादून कुरणावर चढवली. आसपासचे मेंढपाळ फोन चार्ज करायला तंबूच्या दाराशी यायला लागले.

"ए, रांगेत या!" कनिशाय आतून ओरडायची. "आधी माझा श्वास, मग तुमच्या गप्पा!"