शाफ्टवरून गळणारं तेल

नवरा गेल्यावर मी भाताची गिरणी बंद करणार होते. जामसरच्या रस्त्याला लागून पत्र्याची शेड, आत एक मोटर, वर आडवा शाफ्ट आणि पट्ट्यावर फिरणारं भरडायचं यंत्र. पण भात झोडून झाल्यावर पाड्यावरच्या बायका सवयीने पाट्या घेऊन दारात आल्या, तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही.

मोटर चालू-बंद करायला मी पाहून पाहून शिकले होते. तेलाचं मात्र यांनी मला कधी दाखवलं नव्हतं. हा शाफ्ट जुना, बेअरिंगचे छर्रे नसलेला, साध्या बुशांत, म्हणजे धातूच्या कड्यांत फिरणारा. बुश कोरडा पडला तर शाफ्ट जळतो, एवढंच त्यांच्या तोंडून ऐकलेलं. ती भीती मनात बसली होती. सकाळी तेल घालायचं, दुपारी घालायचं, आणि कोणी गिऱ्हाईक नसलं की उगाच अजून थोडं. खरं तर दिवसभरात माझ्या हाताला तेवढंच काम उरलं होतं.

एक दिवस एक म्हातारी ओंजळभर तांदूळ घेऊन परत आली. "वहिनी, वास घेऊन बघ. पोरं जेवली नाहीत."

तांदळाला तेलाचा वास होता. वर पाहिलं तर बुशाच्या कडेने तेल शाफ्टवर पसरत होतं आणि थेंब थेंब खाली यंत्रात धान्य ओतायच्या तोंडात पडत होतं. मी तिला माझ्या डब्यातले तांदूळ दिले. ती घेऊन गेली, पुन्हा काही आली नाही. हळूहळू इतर बायकाही भात जीपमध्ये टाकून जव्हारला नेऊ लागल्या.

गळती थांबवायला मी बुशाच्या तोंडाशी जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. मोटर चालू केली आणि फिरत्या शाफ्टने चिंधी खस्सकन ओढून घेतली. माझा हात तिथून वीतभर लांब होता. मोटर बंद करून मी पोत्यावर बसले. मुलीला ठाण्याला फोन लावला, पण तिचा आवाज ऐकल्यावर "जेवलीस का?" एवढंच विचारलं.

शेवटी मोखाड्याच्या मिस्त्रीला बोलावलं. यांच्या ओळखीचा माणूस. त्याने शाफ्टला गुंडाळलेली चिंधी कापून काढली, मग बुशावरचं झाकण उघडलं आणि हसला.

"ताई, किती तेल घालता? ही रेघ बघा. याच्या वर तेल जाऊ द्यायचं नाही."

"मला काय माहीत रेघ आहे म्हणून?"

"दादांनी सांगितलं नाही?"

"ते मला जवळ येऊ द्यायचे नाहीत. पदर अडकेल म्हणायचे."

मग त्याने दाखवलं, की शाफ्टला हवं तेवढं तेल लागतं आणि उरलेलं एका बारीक भोकातून परत खाली उतरतं. ते भोक कोंडा आणि चिकट गाळाने बुजलं होतं. तारेने आम्ही ते मोकळं केलं. दोन्ही कडांना नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या नव्या चकत्या बसवल्या. तेलाचा रिकामा डबा कापून मी खाली पन्हळ लावली, म्हणजे चुकून थेंब पडला तरी भातात जाणार नाही.

त्यानंतर शाफ्ट बाहेरून कोरडा राहिला. तो रोज सकाळी बोटाने पुसून बघायची सवय लागली. एका संध्याकाळी फोनवर मुलीला म्हटलं, "गळती थांबली."

"कुठली गळती?" ती म्हणाली. मी तिला काही सांगितलंच नव्हतं.

अर्ध्या बायका परत आल्या. बाकीच्यांना जव्हारची सवय झाली. आलेल्या बायका ओट्यावर बसून बोलतात, हसतात. आत यंत्राच्या आवाजात मला त्यातलं काही ऐकू येत नाही, नुसती तोंडं हलताना दिसतात. शेवटची पाटी भरली की मी मोटर बंद करते. तोवर त्या डोक्यावर पाट्या घेऊन उताराला लागलेल्या असतात.