सरावातला जखमी

हरिचंद्र भोईर लीडर झाला तो आवाजाच्या जोरावर. चोपन्न साली अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रथमोपचाराचं पथक निघालं. शिकवायला आलेल्या डॉक्टरांनी एकेकाला हुकूम द्यायला लावले. भातावरची पाखरं हाकण्यात लहानपण गेलेल्या आगऱ्याच्या पोराशी आवाजात कोण भिडणार? दंडावरची पट्टी त्यालाच मिळाली.

दर शनिवारी सराव असे. जखमी कायम बाळा, म्हणजे हरिचंद्राच्या धाकट्या बहिणीचा, काशीचा नवरा. काय विव्हळायचा गडी! बघणारे पोट धरून हसत. डॉक्टर कानीकपाळी ओरडत, की पाठीला मार असेल तर जखमीला हलू द्यायचं नाही, चौघांनी एकदम उचलून फळीवर घ्यायचं. पण दिवसभर राबून आलेल्यांना ओझं नको असे. डॉक्टरांची पाठ वळली की बाळाच टुणकन उठून स्ट्रेचरवर जाऊन पडे. हरिचंद्र ते हसण्यावारी नेई. घरचा जावई, त्याला काय बोलायचं?

मग एका दुपारी सामानाची लोखंडी मांडणी कोसळली. जवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातला टोपणदास हरिचंद्राच्या शेजारीच होता. त्याचा हात कोपराखाली चिरला आणि रक्ताची चिळकांडी उडाली. हरिचंद्रानं शिकवल्याप्रमाणे दंडाची शीर अंगठ्यानं हाडावर दाबून धरली. रक्त थांबलं, अन् हरिचंद्र तिथंच अडकला. अंगठा काढला असता तर माणूस गेला असता. बाकीचे स्ट्रेचर आणायला धावले होते.

तेवढ्यात पलीकडून ओळखीचं विव्हळणं आलं. मांडणीचा दणका बाळाच्या पाठीत बसला होता. हरिचंद्राचा जीव तिकडे, अंगठा इकडे! माणसं स्ट्रेचर घेऊन आली, ते बाळाला दिसलं, आणि तो सवयीनं उठायला लागला.

"बाळा, उठू नको! हलू नको!"

तोवर तो अर्धा उठला होता. "दादा, माझे पाय कुठं गेले?" एवढंच म्हणून तो परत पडला. हरिचंद्रानं जागेवरूनच हुकूम सोडले. चौघांनी बाळाला एकदम फळीवर घेतलं. या खेपेला काही चुकलं नाही.

टोपणदास पुन्हा कामावर आला. बाळा अंथरुणाला खिळला तो कायमचा. मणका मांडणीनं मोडला की उठण्यानं, ते सांगता यायचं नाही, असं मोठे डॉक्टर म्हणाले. त्या बोलण्यात हरिचंद्र कोंडला गेला. लोक पाठ थोपटत, ती थाप त्याला चाबकासारखी लागे. काशीनं एकदाच विचारलं, "दादा, तुझा हात त्यांना लागला असता तर?"

हरिचंद्र लीडरची पट्टी परत करायला गेला. असा लीडर पुन्हा मिळायचा नाही म्हणून कारखान्याच्या साहेबांनी ती घेतली नाही. शनिवारी जखमी कोण होणार, असं कुणी विचारायच्या आत हरिचंद्र स्वतःच जमिनीवर आडवा झाला. माणसं सवयीनं वाट बघत उभी राहिली, की आता हा उठून स्ट्रेचरवर जाईल.

"उचला," तो म्हणाला. "मी उठणार नाही."