गाडीचा बिल्ला

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा आमच्या मिस्टरांनी बालाघाटात जुनी गाडी घेतली. मँगनीजच्या खाणीवरचे एक साहेब बदली होऊन चालले होते, त्यांची. काळी, चार दारांची, मागच्या सीटला दोन ठिगळं. मिस्टरांची वकिली तेव्हा नुकती जमायला लागली होती आणि बैहर, परसवाड्याच्या तारखांना बसनं जाऊन ते वैतागले होते. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर त्या बैहरहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या.

गाडीच्या नाकावर, बॉनेटच्या अगदी पुढे, तळहाताएवढा ढालीच्या आकाराचा बिल्ला होता. मिस्त्री लोक त्याला मोनोग्राम म्हणायचे. पांढरा, आरशासारखा, मधोमध लाल मीना आणि त्यावर उठावाच्या इंग्रजी अक्षरांत कंपनीचं नाव. गाडी आली त्या दिवशी ते नाव रस्त्यापलीकडून वाचता येत होतं.

तीन वर्षांत ते गेलं. आधी बिल्ला पिवळसर पडला. मग लाल मीना कडेकडेनं उडाला, मग अक्षरं बसत बसत गेली, आणि शेवटी खूप हात फिरलेल्या जुन्या पैशासारखा नुसता गुळगुळीत तुकडा राहिला. कचेरीतले एक वकील मिस्टरांना म्हणाले, "साहेब, तुमची गाडी निनावी झाली. उद्या कोणी दावा लावला तर कोणत्या नावावर लावायचा?" सगळी बार रूम हसली. मिस्टरही तिथं हसले, पण घरी येऊन बराच वेळ गाडीसमोर उभे राहिले.

"बैहरचा रस्ता," ते म्हणाले. "समोरून ट्रक जातो, मुरूम उडतो. घासला जातो तो."

मला ते पटेना. मुरूम उडतो तो खालून. मग बंपर आणि दिव्यांच्या कड्या आधी खराब व्हायला पाहिजेत. त्या तर जशाच्या तशा होत्या. बरं, बिल्ल्याचा खालचा कोपरा, जिथं बॉनेटची कड आत वळते, तिथली दोन-तीन अक्षरं अजून हाताला लागत होती. मुरूम काय कोपरा वाचवून उडतो? मी वहीचा पातळ कागद बिल्ल्यावर धरला आणि पेन्सिल आडवी करून वरून घासली. वर्गात मुली नाण्याचा छाप घेतात तसा. कागदावर खालची तीन अक्षरं ठळक उठली. वरच्या भागात मात्र अक्षरांऐवजी बारीक ओरखडे आले, आणि ते सगळे गोल गोल होते. वाऱ्यानं किंवा धुळीनं पडलेले ओरखडे गोल कसे असतील?

मिस्टरांना कागद दाखवला. ते म्हणाले, "तू मुलींचे पेपर तपासायचे सोडून हे काय करत बसलीस?"

मिस्त्रीकडे गाडी नेली तेव्हा मीही मुद्दाम सोबत गेले. त्यानं बिल्ल्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "भाभीजी, पूजा करते होंगे आप लोग. हल्दी-कुंकू लगाते हैं, फिर रगड़के धोते हैं. उसी में जाता है."

"आमच्यात नाही करत," मी म्हटलं. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले लोक. गाडी आली तेव्हा ना नारळ फोडला, ना लिंबू-मिरची बांधली. मिस्त्री जरा ओशाळला. मग म्हणाला, हे काम गॅरेजचं नाहीच, आतून दोन नट आहेत, नवा मोनोग्राम मागवा आणि घरीच बसवा.

मिस्टरांनी नागपूरच्या एका दुकानाला पत्र टाकलं. महिन्याभरानं त्यांचा एक पक्षकार तुमसर-कटंगीच्या बसनं येताना तो बिल्ला घेऊन आला. वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळलेला, पांढरा, लाल, कोरा करकरीत. सासूबाईंनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि परत दिला.

रविवारी बॉनेट उघडून आम्ही बिल्ला काढायला घेतला. आतले नट गंजून बसले होते. दोन दिवस आधीपासून त्यांच्यावर घासलेट सोडत होतो, तरी पहिला नट फिरायला तासभर लागला. दुसरा एकदम सुटला आणि मिस्टरांचं बोट आतल्या पत्र्यावर सोललं. मी बाहेरून पातळ सुरीला चिंधी गुंडाळून ती कडेखाली सरकवली, रंग जाऊ नये म्हणून. हळूहळू उचलत गेले तसा बिल्ला चटकन हातात आला.

त्याच्या मागच्या कडेला सगळीकडून हिरवट-करडा थर बसला होता. मी नखानं खरवडला. आत राखेसारखं भुरभुरीत होतं. वास घेतला. आंबूस! मी पुन्हा वास घेतला. चिंच.

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. फळीवरचा पितळी गुंड, परात, दोन तांबे. सासूबाई ते चिंच आणि चुलीतली राख घेऊन नारळाच्या काथ्यानं घासायच्या, हात गोल गोल फिरवत. परातीवर उजेड पडला की तेच ओरखडे दिसत होते, माझ्या कागदावरचे.

मी मिस्टरांना काही सांगितलं नाही. आधी खात्री करून घ्यायची होती. शिवाय काम तसंही अडलं होतं: नव्या बिल्ल्याच्या मागच्या दोन खिळ्यांमधलं अंतर जुन्यापेक्षा दोन सूत जास्त होतं. भोकं कानशीनं वाढवावी लागणार होती आणि कानस मिस्त्रीकडे. "उद्या आणतो," म्हणून मिस्टर बोट बांधून वर्तमानपत्र वाचत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी समोरच्या खिडकीशी उभी राहिले. त्या वेळी एरवी मी मागे पाणी भरत असायची, अंगण सासूबाईंचं. त्यांनी सडा टाकला, अंगण झाडलं, हात धुतले. मग पदराआडून वाटी काढली आणि गाडीसमोर गेल्या. बिल्ल्याच्या जागी दोन भोकं होती. त्या काथ्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग वाकून गाडीखाली पाहिलं, पडला की काय म्हणून.

मी बाहेर गेले. "आई, काय शोधता?"

"अवं, गाडीचं पितळ कुठं गेलं?"

"काल काढलं. नवं बसवायचं आहे ना."

"हौ, ते मले माहीत हाय. मले वाटलं नवं बसलं असन." त्यांनी वाटी पदराआड घेतली.

"तुम्ही रोज घासत होत्या?"

"रोजच. काहून?" त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. उलट त्या खुशीत आल्या. "तुले सांगतो, आधी ते पांढरं होतं, बेगडासारखं. मी घासून घासून आतलं खरं पितळ काढलं. सोन्यावानी चमके. तुमी कोनी पाह्यलं नाई?"

"आई, त्याच्यावर अक्षरं होती. ती जाऊन राह्यली, हे दिसलं नाही तुम्हाला?"

"मले अक्षरं कुठं येते, बाई? मले चमकच दिसे."

मला हसू आलं. पण त्या का घासत होत्या, हे अजून कळलं नव्हतं. घरातलं पितळ घासणं वेगळं; गाडीच्या नाकावरचं रोज उठून घासायला कोणी सांगितलं? मी तेच विचारलं.

त्या गाडीच्या पायरीवर टेकल्या. "तुहे सासरे बैहरच्या कचेरीत चपराशी होते, माहीत हाय ना तुले? त्याईच्या छातीवर पट्टा राहे, अन पट्ट्यावर हा एवढा पितळेचा बिल्ला. साहेब आल्या-आल्या पहिले बिल्ला पाहे. काळा दिसला का सगळ्याईसमोर बोले. एकदा बोलला. त्या दिवशी हे घरी येऊन जेवले नाईत. तवापासून मी रोज घासला. एक दिवस खाडा नाई केला."

"आणि आता तो बिल्ला?"

"तो सरकारचा. हे गेल्यावर मागाले आले. परत देल्ला." वाटी खाली ठेवत म्हणाल्या, "देताना पन घासून देल्ला."

सडा अजून ओला होता आणि कोंबड्या त्यातून पाय उचलत चालत होत्या. त्या पुढे म्हणाल्या, "मग माह्या पोराची गाडी आली. कचेरीतच जाते ना ते? समोर बिल्ला. मी म्हटलं, आता याले कोनी बोलाले नाई पाहिजे."

संध्याकाळी कानस घेऊन मिस्टर आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते अर्धवट ऐकून आधी चिडले, "म्हणजे बार रूममध्ये माझं हसं..." आणि पुढचं ऐकून पायरीवर टेकले. मग म्हणाले, "तो बिल्ला मला आठवतो. लहानपणी बाबांनी उचलून घेतलं की गालाला थंड लागायचा." कानस त्यांनी पायरीवर ठेवली. "राहू दे. जुनाच बसवू परत."

सासूबाई आतून ऐकत होत्या. बाहेर आल्या. "काहून? इतक्या लांबून आणलं ते काय फळीवर ठेवाचं हाय? नवं लाव. गाडीले नाव पाहिजे."

तेव्हा नवंच बसवलं. मी भोकं घासली, कारण मिस्टरांचं बोट अजून दुखत होतं. दर थोड्या वेळानं बिल्ला लावून पाहायचा, पुन्हा घासायचं. कापल्या जागी काळा रंग बोटानं फिरवला, गंज चढू नये म्हणून. मिस्टर बॉनेटखाली वाकून नट लावायला लागले की समोरून बिल्ला फिरायचा आणि वाकडा व्हायचा. मी धरला तर मला तो सरळ आहे की नाही हे दिसेना. शेवटी सासूबाईंनी तळहात लावून तो दाबून धरला आणि मी चार पावलं मागे जाऊन सांगत राहिले, "डावीकडून वर, आई. अजून. बस."

"किती वेळ धरू वं? हात आखडला."

"झालं, आई," बॉनेटखालून मिस्टर म्हणाले.

सासूबाईंनी हात काढला. बिल्ला केसभर उजवीकडे कललेला राहिला, आणि गाडी विकेपर्यंत तसाच होता. सासूबाईंनी विचारलं, "काय लिवलं हाय?" मी एकेका अक्षरावर बोट ठेवून कंपनीचं नाव वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. "हे कोनाचं नाव? मानसाचं का गावाचं?" मला माहीत नव्हतं. मिस्टरांनाही नाही. मी दुसऱ्या दिवशी शाळेच्या लायब्ररीत शोधलं, तिथंही सापडलं नाही.

जुना बिल्ला मिस्टरांनी सासूबाईंपुढे धरला, ठेवून घे म्हणून. त्यांनी तो भंगारवाल्यालाच द्यायला सांगितला. "ते आता संपलं. त्याच्यात घासाले काही उरलं नाई."

नव्या बिल्ल्यावर पितळ नसून वरून चढवलेला पातळ मुलामा आहे, चिंच लागली तर तो उडतो, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पुढे कोरड्या फडक्यानंच पुसला. पण आठवड्याभरात सकाळी मला हाक मारून त्यांनी गाडीच्या चाकांकडे बोट दाखवलं. "हे चार झाकनं कायचे हाय वं? हे तरी पितळेचे असन." मला नक्की सांगता येईना. मी त्यांच्या वाटीतली चिंच बोटावर घेतली, आणि आम्ही दोघी मागच्या चाकाशी उकिडव्या बसून, आतल्या कडेला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, घासून पाहू लागलो.